एकशे दहा तास

हरिदास ढवळ्यांना दिल्लीत काही कमी नव्हतं, आणि हेच तर दुखणं होतं. लक्ष्मीबाई नगरच्या नव्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर मुलाचं सरकारी क्वार्टर. स्वतःची खोली, खोलीला बाल्कनी, सकाळी साडेसहाला हातात चहा. आठच्या सुमाराला सून रेवती तिच्या ऑफिसला, मुलगा प्रतीक त्याच्या मंत्रालयात, नात सृष्टी शाळेच्या बसला. दार ओढल्याचा आवाज झाला, लिफ्ट खाली गेली, की दुपारी सृष्टी येईपर्यंत घरात माणसाचा आवाज म्हणून नाही. टीव्ही होता, पण टीव्हीतली माणसं सगळ्या जगाशी बोलतात, आपल्याशी थोडीच बोलतात!

बार्शीच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर होते ढवळे. वर्कशॉपमध्ये वीस-वीस पोरांचा गलका, लोखंडावर कानशी घासल्याची ती दात शिवशिवणारी करकर, आणि त्या सगळ्यावर ह्यांचा आवाज. त्या माणसाला आणून आठव्या मजल्यावर बसवलेलं. बायको कौशल्या गेली तेव्हा प्रतीक हट्टानं घेऊन आला. "बाबा, तिकडे एकटे काय करणार?" म्हणाला. इकडे एकट्यानं काय करायचं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक नसणार, बिचाऱ्याला.

बरं, घरात दुरुस्त करण्याजोगंही काही नाही. सरकारी वसाहतीत सगळा कारभार इन्क्वायरीचा, म्हणजे दुरुस्तीच्या ऑफिसचा. नळ गळला, इन्क्वायरीत कंप्लेंट टाका. ट्यूब गेली, कंप्लेंट टाका. एकदा ढवळ्यांनी बाथरूमच्या नळाचा वायसर आपणच बदलला. पाच मिनिटांचं काम, पण माणूस इतका खूश झाला की जेवताना दोनदा सांगितलं. तिसऱ्या दिवशी इन्क्वायरीचा प्लंबर आला, नळ उघडून बंद करून बघितला, "ये तो ठीक है" म्हणाला, आणि रेवतीला ऑफिसातून फोन करून कंप्लेंट रद्द करत बसावं लागलं. "बाबा, मी टाकली होती ना कंप्लेंट," ती म्हणाली. रागानं नाही हं, रेवती तशी नाहीच. पण ढवळ्यांनी पाना पेटीत ठेवला तो ठेवलाच.

खाली बागेत रिटायर्ड मंडळींचा बाक भरायचा. कुणी बलियाचे, कुणी भोपाळचे, कुणाचा मुलगा डायरेक्टर, कुणाची सून डेप्युटी सेक्रेटरी. ढवळ्यांची हिंदी पडली बार्शीची. "कल मेरे को बहुत ठंडी बजी," असं म्हणाले आणि सगळा बाक खो खो हसला. प्रेमानंच हसले ते. पण त्यानंतर ढवळे बाकाच्या पलीकडच्या रस्त्यानं चालायला लागले.

असं दीड वर्ष गेलं. मग जुलैत एके दिवशी सृष्टी शाळेतून आली ती हसतच.

"आजोबा, आमच्याकडे स्किल लॅब आली. नाइन्थला आता स्किलचा सब्जेक्ट कंपल्सरी आहे ना, बोर्डानं सांगितलंय. आणि पीटीच्या सरांनी ना, ती दाबायची मशीन उलटी लावली! हँडल भिंतीकडे!"

"दाबायची मशीन काय ग? व्हाइस म्हणतात त्याला, लोखंड पकडायचा शिकंजा."

"तेच ते. आणि एक लोखंडाचा सँडपेपर पण आलाय. लंबा."

"कानस!" ढवळे खुर्चीतून उठलेच. "अगं कार्टे, कानस म्हणतात तिला! तुझ्या आजोबानं जन्मभर ती धरली आणि तुला नाव माहीत नाही?"

सृष्टीनं दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून टाकलं की आमचे आजोबा आयटीआयमध्ये टीचर होते. व्हाइस प्रिन्सिपल विजयालक्ष्मी मॅडमना तर देवच पावला. बोर्डाचं फर्मान आलं होतं, सहा व्हाइस आणि दोन पेट्या हत्यारं आली होती, आणि ती वापरणारा माणूस कुणीच मागवला नव्हता! आपल्याकडे हे असंच. आधी खोलीवर पाटी लागते, मग आत काय करायचं ते शोधतात. मॅडमचा फोन आला. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, दोन-दोन तास, नववीची बावीस मुलं. जमेल का सर? ढवळे "सोचके बताता हूँ" म्हणाले. फोन ठेवला, बाल्कनीत एक चक्कर मारली आणि लगेच परत लावला. "सोच लिया," म्हणाले.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे मानेसरला गेले. जयदीप शिंगाडे, त्यांच्या हाताखालून गेलेला, तिथल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूमचा सुपरवायझर होता. कितीदा फोनवर म्हणाला होता, या सर, या सर. आता कामच होतं. मेट्रोनं शेवटच्या स्टेशनापर्यंत, तिथून दोन शेअर ऑटो बदलून, माणसांच्या मांडीला मांडी लावून ढवळे कारखान्याच्या गेटवर उतरले. जयदीपनं सगळ्या टूलरूमसमोर वाकून पाय धरले. ढवळ्यांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं.

जयदीपच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लोखंडी ठोकळा ठेवलेला होता. तळहाताएवढा, गुळगुळीत, कोपऱ्यात सतरा नंबर ठोकलेला.

"हा अजून आहे तुझ्याकडे?"

"म्हणजे काय सर? पहिला जॉब माझा. चारदा परत पाठवला होतात तुम्ही. पाचव्यांदा नंबर मारलात."

ते असं होतं. आयटीआयमध्ये फिटरच्या पोराला सगळ्यात आधी देतात एक ओबडधोबड लोखंडी ठोकळा, त्याला म्हणायचं जॉब. तो कानशीनं घासून घासून चारही कडा सपाट करायच्या, एकमेकींना काटकोनात आणायच्या. तपासायचं कसं? कडेवर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, ठेवायचा, जॉब खिडकीकडे धरायचा आणि डोळा लावायचा. गुण्या आणि लोखंड ह्यांच्या मधून उजेड दिसला की कड वाकडी. जा, परत घास. उजेड बंद झाला की ढवळे आपली पंचाची, म्हणजे आकड्यांच्या ठशांची, पेटी उघडायचे आणि हातोडीच्या एकेका टोल्यानं पोराचा हजेरी नंबर जॉबवर ठोकायचे. नंबर बसला म्हणजे पास. एका पुढाऱ्याचा पुतण्या होता, त्याच्यासाठी वरून फोन आला होता. त्याचाही जॉब दोनदा खिडकीपाशी धरला आणि दोनदा परत दिला ह्या माणसानं.

"हल्ली पोरं येतात ना सर," जयदीप चहा ओतत म्हणाला, "फाइल भरून सर्टिफिकेटं. एवढे तास ट्रेनिंग, तेवढे तास ट्रेनिंग. कानस हातात दिली की दाढी केल्यासारखी फिरवतात. ह्यांच्या तासांवर सही करतो तरी कोण हो?"

"त्या सही करणाऱ्यालाच आधी व्हाइसमध्ये धरला पाहिजे," ढवळे म्हणाले, आणि दोघंही मनसोक्त हसले.

जयदीपनं भंगारातल्या पट्टीचे चोवीस ठोकळे कापून दिले. बावीस मुलांचे, दोन जास्तीचे. ते जड पोतं मांडीवर घेऊन ढवळे परत आले, आणि वाटेत कुणी तरी हिंदीत विचारलं की काका, ह्यात काय आहे, तर म्हणाले, "बच्चे लोगों का पहला जॉब."

पहिल्या दिवशी मुलं रोबो बनवायला मिळणार म्हणून आली होती. प्रत्येकाच्या हातावर गंजकट ठोकळा ठेवल्यावर त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

"इससे क्या बनेगा सर?"

"इससे कुछ नहीं बनेगा. तुम बनोगे."

डावा पाय पुढे. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना नुसती आणायची. घासलेल्या जागेवरून हात फिरवायचा नाही, हाताचं तेल लागलं की कानस घसरते. कानशीला आधी खडू चोळायचा म्हणजे दातांत लोखंडाचा कीस अडकत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम ढवळ्यांनी स्वतःला घालून घेतलेला होता, एकतीस वर्षं पाळलेला: दुसऱ्याच्या जॉबला मास्तरनं कानस लावायची नाही. हात मागे बांधून उभं राहायचं. पोर चुकत असेल तर चुकू द्यायचं, सांगायचं, पुन्हा सांगायचं, पण कानस त्याच्याच हातात राहिली पाहिजे.

सृष्टीशीही ठरलं होतं. लॅबमध्ये सर, घरात आजोबा. तिचा हजेरी नंबर एकोणीस. "आजोबा, नऊचा पंच तर तुमच्या पेटीत नाहीच!" तिनं घरी पेटी उचकताना ओरडून सांगितलं. "सहाचाच उलटा धरतात ग," असं ढवळे म्हणाले, तर तिला ते इतकं आवडलं की तिनं मैत्रिणींना व्हॉइस मेसेज पाठवले.

ते चार महिने, खरं सांगायचं तर, कौशल्या गेल्यानंतरचे त्यांचे सगळ्यात बरे महिने. सोमवारी रात्री शर्टाला इस्त्री. मंगळवारी पँटच्या दुमडीत लोखंडाचा कीस. कौशल्या दारातच अडवायची त्यांना, "आधी झटका ती पँट, मग आत या." इथे रेवती वॉशिंग मशीन उघडून म्हणाली, "बाबा, यार हे काय, सगळ्या कपड्यांना चकचक!" ढवळ्यांनी तोंडावर अपराधी भाव आणला, पण मनात अशी उकळी फुटली होती! घरात आपल्यामुळे पुन्हा काही तरी सांडत होतं. संध्याकाळी सृष्टी त्यांच्या खोलीत येऊन पलंगावर मांडी घालून बसायची. "आज दुसऱ्या साइडचा उजेड बंद झाला ना सर? सॉरी, आजोबा." तास-तासभर बोलायची. आधीच्या दीड वर्षात ती दारातून "जेवायला चला" एवढंच म्हणायची.

पण तास काही भरेनात. ऑगस्टचे दोन आठवडे स्वातंत्र्यदिनाच्या तालमीत गेले. मग युनिट टेस्ट. मग अॅन्युअल डे आला, आणि लॅबमध्ये महिनाभर थर्माकोलचा किल्ला उभा! दिवाळीनंतर हवा अशी झाली की शाळाच बंद, सगळं ऑनलाइन. आता कानस ऑनलाइन कशी चालवायची, सांगा बरं? ढवळ्यांनी तरी हार मानली नाही. फोन डब्याला टेकवून उभा केला, स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, डावा पाय पुढे टाकला आणि उभं राहण्याची रीत दाखवली. पडद्यावर बावीस काळे चौकोन होते. कॅमेरे सगळ्यांचे बंद. एक जण चुकून माइक चालू ठेवून टोस्ट खात होता. दोन तास ढवळे लाटणं घेऊन त्या काळ्या चौकोनांशी बोलले, आणि शेवटी "कोई सवाल?" विचारल्यावर फक्त टोस्टचा आवाज आला.

शाळा उघडली तेव्हा त्यांनी आपल्या वहीतले तास मोजले. चौतीस.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विजयालक्ष्मी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, बिस्किटं मागवली. मग एक निळं रजिस्टर पुढे सरकवलं. बावीस नावं, प्रत्येकासमोर तारखा भरलेल्या, आणि खाली छापलेलं की सर्व विद्यार्थ्यांनी विषयाचे एकशे दहा तास पूर्ण केले आहेत. प्रशिक्षकाची सही.

"मॅडम, मेरे हिसाब से चौतीस हुआ है."

"मला माहीत आहे, सर," त्या हिंदीत म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरंच थकलेला होता. "प्रदूषणानं शाळा मी बंद केली नाही. पण गुरुवारी बोर्डाची तपासणी आहे. सही नसली तर विषयाची मान्यताच जाईल. मान्यता गेली की लॅब बंद, क्लास बंद. मुलांचा विचार करा. तास काय, पुढे भरून काढता येतील. मार्चपर्यंत वेळ आहे ना?"

ढवळे रजिस्टरकडे बघत राहिले. नाही म्हणायला एक सेकंद लागला असता. एकतीस वर्षं त्यांनी तेच तर केलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ना बोर्ड आलं ना मान्यता. आला तो रिकामा मंगळवार. दार ओढल्याचा आवाज, खाली जाणारी लिफ्ट, आणि सृष्टीचं दारातूनच "जेवायला चला". मॅडम म्हणतात ते खरं आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. पुढे भरून काढू. आत्ता सही केली म्हणजे निदान मुलं येत राहतील.

पेन मॅडमचंच होतं. त्यानंच ढवळ्यांनी खाली सही केली.

गुरुवारी तपासणीला दोघं आले. व्हाइसचे फोटो काढले, भिंतीवरच्या सुरक्षेच्या पोस्टरचा फोटो काढला, निळं रजिस्टर चाळलं, छान छान म्हणाले आणि समोसे खायला गेले. टेबलावर मांडलेल्या बावीस ठोकळ्यांतला एकही कुणी हातात घेतला नाही. ढवळे गुण्या खिशात घालून कोपऱ्यात उभे होते. कुणी मागितला असता तर दिला असता, आणि कड उजेडाकडे धरून दाखवलीही असती. पण मागणार कोण?

त्यानंतरच्या मंगळवारी ढवळे नेहमीप्रमाणे पिशवीत नवे खडू घेऊन गेटवर गेले. गार्डनं फोनमध्ये बघितलं, पुन्हा बघितलं.

"अंकल, आज आपका नाम नहीं है."

"ऐसे कैसे? मंगलवार है."

गार्डनं आत फोन लावला. ढवळे गेटाशेजारच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. आतून प्रार्थना ऐकू आली, मग घंटा, मग वर्ग भरल्यावरची शांतता. पाऊण तासानं मॅडम स्वतः गेटपर्यंत आल्या, तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं.

"सर, सॉरी, ऑफिसातून तुम्हाला कळवायला हवं होतं. नाइन्थचे ते पिरियड आता मॅथ्सला दिलेत. टाइमटेबल इनचार्जनी रजिस्टर बघितलं. स्किलचे तास पूर्ण झालेत, म्हणजे ह्या वर्षीपुरता विषय संपला."

"पर मॅडम, वो तो... आपने बोला था बाद में..."

"हां, बोला था," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "पण आता रजिस्टर बोर्डाकडे गेलं, सर. त्यात एकशे दहा लिहिलंय. खाली सही तुमचीच आहे. मी काय सांगून पिरियड मागू?"

ढवळ्यांनी खडूंची पिशवी त्यांच्या हातात दिली. ती परत कशाला न्यायची, असं त्यांना वाटलं. मॅडमनी ती घेतली, आणि कुठे ठेवावी ते न कळून दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

घरी पायीच आले. लिफ्टनं वर गेले, कुलूप उघडलं, खुर्चीत बसले. अकरा वाजले होते. ह्या वेळी लॅबमध्ये करकर ऐन रंगात असायची. वर्ग दुसऱ्या कुणी काढून घेतला असता तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. हा त्यांनीच बंद केला होता, स्वतःच्या सहीनं, तोच चालू राहावा म्हणून. मूर्खपणा म्हणावा की काय म्हणावं ह्याला! "व्हाइसमध्ये धरला पाहिजे," असं मानेसरला कोण म्हणालं होतं, ते आठवलं आणि कान तापले. दुपारी जयदीपचा फोन वाजला, तो त्यांनी घेतला नाही.

सृष्टी आली ती थेट त्यांच्या खोलीत. दप्तरही काढलं नव्हतं. दप्तरातून तिनं तो ठोकळा काढला आणि टेबलावर ठेवला. लॅब रिकामी करायची म्हणून सगळ्यांना आपापले ठोकळे घरी न्यायला सांगितले होते, आठवण म्हणून; तास पूर्ण झाल्याची आजोबांची सही रजिस्टरवर आहे, हेही वर्गात सांगितलं होतं.

"सर," ती म्हणाली.

"घरात सर नाही म्हणायचं, ठरलंय ना?"

"आत्ता सरच." तिनं कपाटावरची पंचाची पेटी उतरवली, उघडून त्यांच्यासमोर ठेवली. "मारा नंबर. रजिस्टरमध्ये मी पास आहे."

ढवळ्यांनी गुण्या घेतला. पहिली कड, दुसरी, तिसरी. बाल्कनीतून डिसेंबरचं मळकट ऊन येत होतं, तेवढं पुरे होतं. तिन्ही कडा बंद. पोरीचा हात चांगला होता, उगाच नाही. चौथ्या कडेवर गुण्या ठेवला. मध्यभागी केसाएवढी फट, आणि फटीतून उजेड.

सृष्टीनंही शेजारी वाकून डोळा लावला होता.

"दिसतोय," ढवळे म्हणाले.

"मला पण दिसतोय." ती सरळ झाली. "मग तुम्ही सही कशी केली?"

उत्तरं होती. मान्यता गेली असती. शाळा प्रदूषणानं बंद होती. मॅडमनी शब्द दिला होता. सगळी खरी होती. इतकी वर्षं पोरांच्या डोळ्यांत बघून "उजेड दिसतोय" म्हणणाऱ्या माणसाला आज तिच्याकडे बघवेना.

"खोटी केली," ते म्हणाले. "सही केली नाही तर क्लास बंद होईल म्हणाल्या. मला वाटलं, केली तर तुम्ही पोरं येत राहाल." त्यांनी गुण्या टेबलावर ठेवला. "मला दुसरं कुठं जायचंच नव्हतं ग."

सृष्टी पंधरा वर्षांची. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, उचलला. "आजोबा, मला मॅथ्सचं ट्यूशन आहे," ती हळूच म्हणाली. "हा इथेच राहू दे तुमच्याकडे." दारापाशी जाऊन वळली. "जेवायच्या वेळी बोलवते." मग दार ओढल्याचा आवाज झाला आणि लिफ्ट खाली गेली.

ढवळ्यांनी हत्यारांच्या पेटीतली कानस काढली, कापड सोडलं, सवयीनं खडू शोधला. खडू नव्हता, सगळे मॅडमकडे. ठोकळा उचलला, अंगठ्यानं चौथ्या कडेच्या दोन टोकांचा उंचवटा चाचपला. दहा-बारा हात, फार तर पंधरा. टेबलाच्या कडेला नुसता धरून घासला तरी पाच मिनिटांत उजेड बंद झाला असता. मग एकाचा पंच, शेजारी सहाचा उलटा धरलेला, दोन टोले, की झालं. पोरगी जेवायला बोलवायला येईपर्यंत एकोणीस नंबर बसलेला असता, आणि तिला कदाचित कळलंही नसतं.

कानस लोखंडाला टेकली. डावा पाय आपोआप पुढे गेला.

मग त्यांनी ती उचलली. तिच्यावर कापड गुंडाळलं, पेटीत ठेवली, पेटी बंद केली. ठोकळा मात्र बाल्कनीच्या काचेपाशी ठेवला, वाकडी कड वर करून. जॉब सृष्टीचा होता, आणि त्याचे शहात्तर तास अजून बाकी होते.